निळा दोरा

पाळणाघराच्या दारातच साबणबाई गुडघ्यांवर बसल्या, आणि मागून येणाऱ्या मॅनेजरच्या हातातला चहा त्यांच्या डोक्यावर सांडता सांडता राहिला. काही हरवलंय का, असं त्यानं काळजीनं विचारलं. नाही, भिंत बघतेय, असं बाई म्हणाल्या. यावर काय बोलायचं हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून तोही जरा वाकून भिंत बघू लागला.

भिंत होतीच बघण्यासारखी. वर पिवळा रंग लख्ख होता; पण खाली, नुकतं चालायला लागलेलं मूल जिथं आधाराला हात टेकेल तिथं, ती चांगली मळली होती. काळपट पंजे, चिमुकली बोटं, कुठं ठळक, कुठं पुसट. बाईंना मनापासून आनंद झाला. मागच्या खेपेला याच खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती आणि दाराला भलंमोठं कुलूप होतं. बाईंनी ते अहवालात असं काही झणझणीत लिहिलं होतं की मॅनेजरचं जेवण गेलं होतं म्हणे. आणि आता बघा, भिंत मळेपर्यंत मुलं येतायत. एवढ्यासाठी तर ही पायपीट करायची, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांचं काम असं होतं. परदेशातली मोठमोठी दुकानं इथल्या कारखान्यांतून कपडे शिवून घेत, आणि शिवणाऱ्यांना माणसासारखं वागवतात की नाही हे बघायला तपासनीस पाठवत. आग लागली तर बाहेर पडायची दारं उघडतात का, प्यायचं पाणी स्वच्छ आहे का, बायकांच्या लहान मुलांना ठेवायला जागा आहे का. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरतात, तसे कारखानेही आवरून बसतात. ते आवरलेपण ओळखणं हीच या धंद्यातली खरी विद्या. बाई कुठंही गेल्या की आधी हात धुवायच्या जागी जात आणि साबण उचलून बघत. वडीवरची अक्षरं शाबूत असतील तर समजावं, ती आज सकाळी ठेवलीय. यावरून त्यांना साबणबाई हे नाव पडलं होतं. लोकांना वाटे की बाईंना ते माहीत नाही. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

साबणाची युक्ती मात्र त्यांची नव्हती, ती मास्तरांची. मास्तर मुळात कापड कापणारे, कटिंग मास्तर. पुढं तपासनीस झाले तरी नाव तेच राहिलं. बाई या कामात आल्या तेव्हा त्यांना काज आणि बटण यांपलीकडे कपड्यातलं काही कळत नव्हतं. मास्तरांनी त्यांना हाताला धरून शिकवलं. बसमध्ये शेजारी बसवून, आपल्या डब्यातलं अर्धं त्यांच्यापुढं सरकवून, काय बघायचं आणि बघितल्याचं तोंडावर कसं दाखवायचं नाही, हे सगळं सांगितलं. आग विझवायच्या नळकांड्यावरची धूळ बघ, म्हणायचे, नसली तर ते आजच टांगलंय. बायकांच्या चपला बघ. बाईंना नवऱ्यानं सोडलं तेव्हा माहेरच्यांनी पाठ फिरवली, पण मास्तर रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता तासभर बसून जायचे. वडील गेलेल्या बाईंना दुसरे वडील मिळाले असं म्हटलं तर त्यात काही खोटं नव्हतं.

मग मास्तरांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. बाई मात्र त्यांच्याकडे जात राहिल्या. शाळेतून आलेल्या पोरीनं पाटी दाखवावी तसं नवीन काय पाहिलं ते त्यांना सांगत राहिल्या. भिंतीची युक्ती बाईंची स्वतःची. ती सुचली तेव्हा त्यांनी ऑफिसात कुणाला सांगितली नाही, थेट मास्तरांकडे गेल्या. खरं पाळणाघर असेल तर भिंत मुलांच्या उंचीवर मळते, मास्तर; रंग दिला तरी आठवड्यात मळते. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"पोरी, तू माझ्या पुढं गेलीस."

पुढचे कितीतरी दिवस बाईंचे पाय जमिनीला लागले नव्हते.

तर आता, त्या आनंदात, बाईंनी सहज आपला पंजा एका ठशाशेजारी धरला. मग दुसऱ्याशेजारी. मग त्या गुडघ्यांवरच सरकत भिंतीच्या कडेनं निघाल्या, आणि मॅनेजर चहा सांभाळत मागून. सगळे ठसे उजव्या हाताचे होते. सगळ्यांची करंगळी आतल्या बाजूला वाकडी. चादरीला काठ असावा तसे एका रेषेत, एका अंतरावर. आणि खिडकीपाशी, जिथं कुठलंही मूल बाहेर बघायला आधी धावतं, तिथं एकही नव्हता.

एकाच मुलाला खोलीभर फिरवून त्याचा एकच हात टेकवला होता.

"आज मुलं दिसत नाहीत," बाई म्हणाल्या.

सर्दीची साथ आहे, डॉक्टरांनी चार दिवस आणू नका म्हणून सांगितलंय, असं मॅनेजर म्हणाला. मग भिंतीकडे हात करून, फार घाण करतात हो पोरं, किती पुसलं तरी, असंही म्हणाला. वाक्य पाठ केलेलं होतं. कुठं हसायचं तेही पाठ होतं. बाईंनी मान डोलावली आणि हात धुवायला जाते म्हणाल्या.

बायकांच्या मोरीत साबण झिजलेला होता. अगदी हवा तसा, पातळ, मधे चिरलेला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात बटणवाली आत आली. ही मागच्या खेपेला इथंच भेटली होती. बटणाच्या मशीनवर बसायची. नळ मोठा सोडून, पाण्याच्या आवाजाआड तिनं तेव्हा सांगितलं होतं की घरी कुणी नाही, पाळणाघराला कुलूप, म्हणून ती मुलाचा पाय चादरीच्या पट्टीनं खाटेला बांधून येते. शेजारीण मधे एकदा डोकावते. बाईंनी तिचा हात धरून शब्द दिला होता, पुढच्या वेळी येईन तेव्हा ते दार उघडं दिसेल.

आजही बटणवालीनं नळ सोडला.

"तुमचा मुलगा येतो का आता इथं?" बाईंनी विचारलं.

"एकदा आला. सुट्टीच्या दिवशी मला बोलावलं, मुलाला घेऊन या म्हणाले. मला वाटलं, उघडलं नशीब. मला गेटवर बसवून त्याला आत नेलं. बिस्किटं दिली. बाहेर आला तर हात काळाकुट्ट. मशीनचं तेल आणि काजळी. घासून घासून साल निघालं त्याच्या हाताचं."

"त्याची करंगळी..."

"जन्मापासून वाकडी आहे." बटणवाली थांबली. "तुम्हाला कसं माहीत?"

बाईंनी नळ आणखी मोठा सोडला. बटणवालीनं तोंडावर पाणी मारलं. तो आता रोज सकाळी चपला हातात घेऊन दाराशी बसतो, म्हणाली. त्याला परत तिथं जायचं असतं. बिस्किटं आणि पिवळी खोली त्याला फार आवडली. मग त्याच्या हातातल्या चपला काढून घ्यायच्या आणि पाय बांधायचा, हे तिचं रोजचं होऊन बसलं होतं.

"तुम्ही म्हणाला होता, दार उघडं दिसेल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळं बाईंना ते जास्त लागलं. "दिसलं की तुम्हाला."

तिनं नळ बंद केला आणि ती मशीनवर निघून गेली.

परतीच्या बसमध्ये बाईंनी स्वतःशी पुष्कळ हुज्जत घातली. भिंतीचं दुसऱ्या कुणालाही सुचू शकतं. जगात अक्कल काय आपल्या एकटीलाच दिलीय? मॅनेजरला घरी मुलं असतील, त्याची बायको बोलली असेल. असं होऊ शकतं. पण त्या मॅनेजरच्या तोंडाकडे बघून ते होऊ शकतं असं वाटत नव्हतं. आणि भिंतीचं बाईंनी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. मग दुसरा विचार आला. भिंतीचं गेलं असेल, तर गेल्या काही काळात आपण जे जे सांगितलं ते सगळंच गेलं असणार. झिजलेले साबण, धूळ बसलेली नळकांडी, सगळं बघून आपण समाधानानं बरोबरच्या खुणा केल्या. त्यातल्या किती खोल्या खऱ्या होत्या? किती घरांतून पाय बांधलेले होते?

अहवालात त्यांनी भिंतीचं खरं ते लिहिलं. डावे हात नाहीत, खिडकी स्वच्छ आहे, हेसुद्धा लिहिलं. बटणवालीचा उल्लेख कुठंच केला नाही. दुकानवाल्यांनी रीतीप्रमाणं कारखान्याला सुधारणेसाठी मुदत दिली आणि अहवालाची प्रत धाडली. कारखान्याला हे कुणी शिकवलं, ते बाईंनी लिहिलं नव्हतं. तेवढी जागा त्यांनी मनात मोकळी ठेवली होती.

आठवड्याच्या सुट्टीला त्या मास्तरांकडे गेल्या. दार मास्तरांनीच उघडलं, हातात काठी नव्हती. गुडघा बदलून घेतल्यापासून ते तरुणासारखे चालत. मुलानं केलं सगळं, असं तेव्हा म्हणाले होते, आणि बाई दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून राहिल्या होत्या. आता तो गुडघा बघून, याचे पैसे नेमके कुणी दिले, असं काहीतरी काळं पहिल्यांदाच त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

मास्तरांची नात भिंगरी सगळ्या घरभर गिरक्या घेत होती. नाव पडलं ते उगाच नाही. सूनबाईनं चहा आणून ठेवला. मास्तर खुर्चीत रेलले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मग? नवीन काय पाहिलंस?"

हा प्रश्न यावा म्हणून बाई एके काळी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायच्या. आज तो ऐकून हातातला कप गार पडल्यासारखा वाटला. सरळ विचारावं, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण त्यांना एकच भीती होती. मास्तर नाही म्हणतील, आणि आपण विश्वास ठेवू.

त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. खिडकीच्या कठड्यावर गुलाबाच्या कुंडीशेजारी एकच लाल सँडल पडली होती. मागच्या वाढदिवसाला बाईंनीच भिंगरीला तो जोड आणला होता. पट्टा पहिल्याच दिवशी उसवला, तेव्हा बाईंनी इथंच बसून तो शिवून दिला. घरात लाल दोरा सापडेना, म्हणून निळ्यानं शिवला. दुसरी सँडल भिंगरीनं बसच्या खिडकीतून फेकली. मग तिचा मोठा शोक झाला आणि उरलेली सँडल, जोडीदार परत येईल या आशेवर, खिडकीत ठेवण्यात आली. आता भिंगरीचा पाय मोठा झाला होता, आणि ती सँडल तिथं आहे हे घरातल्या कुणाच्या डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं.

"एकटी चप्पल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"खऱ्या पाळणाघरात खिडकीत एक तरी एकटी चप्पल असतेच, मास्तर. मूल झोपलेलं असलं की आई तसंच उचलून नेते, एक चप्पल राहून जाते. सांभाळणारी बाई ती उचलून खिडकीत ठेवते आणि ती तिथंच राहते. आता मी आधी खिडकी बघते. चप्पल नसली तर समजायचं, मुलं येतच नाहीत."

हे धादांत खोटं होतं. बाईंनी इतकी पाळणाघरं पाहिली, पण खिडकीत चप्पल कुठंच पाहिली नव्हती. मास्तरांशी त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या, आणि ते इतकं सफाईनं जमलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"वा पोरी, वा."

त्यानंतर बाई जिथं जातील तिथं आधी खिडकी बघू लागल्या. खिडकीत रिकामी बाटली असे, मेलेली माशी असे, कुठं कुठं काहीच नसे. प्रत्येक रिकामी खिडकी बघून त्यांचा जीव भांड्यात पडे. बघ, उगाच बापासारख्या माणसावर आळ घेतलास, असं त्या स्वतःला रागावत, आणि रागावताना त्यांना फार बरं वाटे. एकदा तर त्या मास्तरांसाठी गुलाबाचं खत घेऊन घरापर्यंत गेल्या, पण दारातूनच देऊन परत आल्या. आत गेलं की ते विचारणार, नवीन काय. आता नवीन काही सांगायचं उरलं नव्हतं. ऑफिसातल्यांना वाटलं, बाईंची तब्येत बिघडलीय.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कारखान्याची पाळी आली. इथं लहान मुलांची झबली-टोपडी शिवत. दाखवायला एक हसतमुख अधिकारीण होती, मोठी बोलकी. बाईंनी साबण पाहिला, झिजलेला. नळकांड्यावर बेताची धूळ होती, शेजारी तपासल्याच्या चिठ्ठीवर वेगवेगळ्या तारखांच्या सह्या होत्या, वेगवेगळ्या शाईच्या. पाळणाघर तळमजल्यावर होतं आणि त्यात खरीखुरी मुलं होती. चार-पाच मुलं सतरंजीवर बसून, नव्या कोऱ्या खेळण्यांकडे हात न लावता बघत होती. एक रडत होतं आणि सांभाळणारी बाई त्याला, रडू नको बाळा, म्हणताना त्याचं नाव घेत नव्हती.

भिंत मळलेली होती. आता उजवे हात होते, डावेही होते. दोन-तीन निरनिराळ्या मापाचे होते, खाली रांगत्या मुलाच्या उंचीवरही होते. खिडकीच्या काचेवर नाकाबोटांचे डाग होते. बाईंनी मागच्या अहवालात जे जे लिहिलं होतं ते ते सगळं इथं सुधारलं होतं. दुसऱ्याच कारखान्याच्या अहवालातलं इथं कसं आलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीही खिडकीच्या कठड्याकडे त्या लगेच गेल्या नाहीत. आधी पाण्याचं पिंप पाहिलं. मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला. पंखा चालतो का ते पाहिलं. अधिकारीणबाई घड्याळ बघायला लागल्या तेव्हा कुठं त्या खिडकीपाशी गेल्या.

कठड्यावर एक लाल सँडल होती.

बाईंनी ती उचलली. एवढीशी होती, तळहातावर मावणारी. पट्ट्यावर निळ्या दोऱ्याचे टाके होते, जरा तिरके, कारण त्या दिवशी भिंगरी मांडीत बसून सारखी हलत होती.

"कुणीतरी विसरून गेलंय बघा," अधिकारीणबाई म्हणाल्या. "पोरांचं काय सांगायचं. आई शोधत असेल दुसरी घेऊन."

"हिची दुसरी बसमधून पडली," बाई म्हणाल्या.

अधिकारीणबाई हसल्या. बाईंनी सँडल पर्समध्ये टाकली तेव्हा मात्र त्या हसायच्या थांबल्या आणि ती आमची आहे असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण ती कुणाची म्हणून सांगायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. बाई पुढच्या खोलीत गेल्या. काम अर्धं टाकायची सवय त्यांना मास्तरांनी लावली नव्हती.

संध्याकाळी त्या मास्तरांचा जिना चढल्या. भांडायला म्हणून त्या गेल्याच नव्हत्या. अहवाल त्यांनी दुपारीच ऑफिसातून धाडला होता आणि या वेळी मोकळी जागा ठेवली नव्हती. सँडलचा फोटो त्यात होता. पण सँडल भिंगरीची होती, ती घरी पोचवायला हवी होती.

दार भिंगरीनं उघडलं. पर्समधून निघालेली सँडल बघून तिचे डोळे मोठे झाले. "माझी," असं म्हणून तिनं ती ओढून घेतली, तिथंच फरशीवर बसली आणि पायात कोंबू लागली. टाच सगळी बाहेर राहत होती, तरी ती पट्टा ओढत होती. आतून, कोण आलंय ग, असं विचारत मास्तर बाहेर आले. त्यांनी भिंगरीच्या पायाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. हसू तोंडावर आलेलं होतं, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

"बस. चहा टाकायला सांगतो," ते म्हणाले.

"नको. अहवाल गेला, मास्तर. तुमच्या नावासकट."

मास्तरांनी मान हलवली. भिंतीला हात टेकून ते हळूच खुर्चीत बसले, जणू जुना गुडघा परत आला होता. मग बोलले. कारखाने वाईट नसतात ग, म्हणाले, घाबरलेले असतात. दुकानवाल्यांनी काम काढून घेतलं तर शेकडो बायका घरी बसतात. मी त्यांना पास व्हायला शिकवतो, म्हणजे त्यांची चूल पेटती राहते. हे त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगितलेलं असणार. कुठंही अडखळले नाहीत.

"त्या मुलाचा हात तुम्ही धरला होता?" बाईंनी विचारलं. "तेलात बुडवून?"

"रडला नाही तो अजिबात. हसत होता. मी बिस्किटं दिली त्याला."

"त्याचा पाय रोज खाटेला बांधतात, मास्तर."

मास्तरांनी मान खाली घातली. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, ती तशीच मागं सरली. भिंगरीनं सँडल काढून परत घालायला घेतली. बाईंना रडू येत होतं आणि इथं रडायचं नव्हतं. ज्या माणसापुढं रडावं तोच हा होता.

शेवटी मास्तरांनी मान वर केली.

"खरं सांग. खिडकीत असते का ग एकटी चप्पल?"

"नसते. मी खोटं बोलले. तुमच्या खिडकीत ही दिसली, त्यावरून सुचलं."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या थकलेल्या डोळ्यांत तो जुना उजेड आला, जो बाईंनी कितीतरी बसप्रवासांत पाहिला होता, ज्याच्यासाठी त्या मैलोगणती हिंडल्या होत्या. त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि थाप मारायला वर गेला. मग तो तिथंच थांबला आणि सावकाश खाली आला.

ते वाकले. भिंगरीच्या पायातली सँडल त्यांनी हळूच सोडवून घेतली, उजेडाकडे धरली, आणि एकेका टाक्यावरून अंगठा फिरवला. कापड तपासताना फिरवत तसाच.

"हा दोरा मी उसवायला हवा होता," ते म्हणाले.

बाई थांबल्या. याच्यानंतर आणखी एक वाक्य येईल, त्या मुलाच्या हाताबद्दलचं, म्हणून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मास्तर दोऱ्याकडेच बघत होते. भिंगरी त्यांचा हात ओढून, माझी दे, दुसरी कुठंय, असं विचारत होती. बाईंनी दाराबाहेर काढलेल्या चपला पायांत सरकवल्या आणि त्या जिना उतरू लागल्या.